बापूकाकांचा खंदक

मटारच्या दिवसांत आमचं निम्मं घर झाशीत आणि निम्मं मोठ गावाच्या रस्त्यावर असायचं. आम्ही झाशीच्या नगरा भागात राहत होतो. बाबा एका केंद्र सरकारी कार्यालयात नोकरीला होते, आई आजूबाजूच्या मुलांच्या शिकवण्या घेई आणि मी कॉलेजात बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र शिकत होते. बाबांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे बापूकाका, फौजेच्या तोफखान्यातून निवृत्त झाले आणि मोठच्या अलीकडे, कानपूर रस्त्यापासून आत असलेल्या एका गावात शेती करू लागले. जमीन जुनी, घराण्याची. कित्येक वर्षं ती बटाईने दिलेली होती. काकांनी पेन्शन सुरू होताच ट्रंक उचलली, माईकाकूला म्हणाले, "चल, आता आपली पलटण आपणच," आणि शहरातलं घर भावाच्या ताब्यात देऊन निघून गेले. थंडी पडली की मी कॉलेजच्या सुट्या जोडून जोडून त्यांच्याकडे राही. आईला ते आवडायचं नाही, पण मी परत येताना मटारची गोणी घेऊन येई, त्यामुळे ती फार बोलायची नाही.

माईकाकू ग्वाल्हेरची. तिचं मराठी आमच्यापेक्षा जुनं आणि स्वच्छ होतं. आम्ही झाशीचे लोक मराठी बोलता बोलता कधी हिंदीत शिरतो ते आमचं आम्हाला कळत नाही. माईचं तसं नव्हतं, ती घरात मराठी आणि अंगणाच्या पायरीपलीकडे बुंदेली बोले. पायरीवर उभी राहून एकाच दमात आत मला "वसू, तपेलं उतर" आणि बाहेर कामवालीला "काय बिन्नू, आज अबेर कर दई?" असं उशिराचं कारण विचारायची. बुंदेलीतला 'काय' म्हणजे 'का', आणि आपला 'काय' म्हणजे 'काय'. यावरून आमच्या घरात जेवढे विनोद झाले तेवढे कशावरूनच झाले नसतील. माझ्या नातवंडांना आता हे दोन्ही 'काय' कळतात, पण उत्तर मात्र ती हिंदीत देतात. चालायचंच.

त्या घरातल्या सकाळी मला अजून ऐकू येतात. धुकं इतकं दाट असे की अंगणातली विहीर दिसायची नाही, फक्त रहाटाची कुरकुर यायची. मग काकांचं खाकरणं, मग माईच्या चुलीत काटक्या मोडल्याचा आवाज. न्याहारीला सोललेले मटार घालून पोहे. दुपारी निमोना, म्हणजे वाटलेल्या मटारचं दाटसर कालवण, त्यात तुपाची जिऱ्याची फोडणी. संध्याकाळी काका स्वतः शेणीच्या निखाऱ्यावर गकरिया भाजत. आपल्याकडे बट्टी म्हणतात तशाच त्या, फक्त चपट्या. राख झटकून, दोन्ही हातांनी मोडून, तुपाच्या वाटीत बुडवायच्या आणि वांग्याच्या भरताबरोबर खायच्या. काका फौजी असल्यामुळे जेवताना घड्याळ बघत आणि माई त्यांच्या ताटात मुद्दाम सावकाश वाढे.

आमच्या घराण्यात एक बोलणं होतं. कोणी कुणाच्या मदतीची वाट पाहत हात बांधून बसलं की म्हणायचं, "बसलाय बेतवेकडे बघत." राणीच्या वेळी आमचे पूर्वज झाशीच्या वेढलेल्या किल्ल्याच्या आत होते तेव्हा मदतीची फौज बेतवेपर्यंत आली आणि तिथेच मोडली, तटावरून पाहणाऱ्यांना ते समजलं, अशी ही घरातली आठवण. लहानपणी मला वाटे की सगळेच मराठी लोक असं म्हणतात. पुण्याच्या एका मैत्रिणीला मी ते म्हटलं तेव्हा ती माझ्याकडे बघतच राहिली. बापूकाकांनी मात्र ते बोलणं आयुष्याचं सूत्र करून ठेवलं होतं, आणि त्याला त्यांच्या नोकरीतली एक गोष्ट कारण होती. त्यांच्या तोफेचा एक सुटा भाग परदेशातून यायचा. लढाई तोंडावर आली आणि त्या देशाने तो भाग देणं थांबवलं. "तोफ आमची, माणसं आमची, मरायला जाणार आम्ही," काका सांगत, "आणि एवढीशी कडी त्यांची. त्यांनी मान डोलावली नाही, की आमची तोफ म्हणजे चौकातली शोभा." शेवटी त्यांनी कुठल्याशा वर्कशॉपमध्ये तसाच भाग कापून बसवला आणि तोफ चालवली. ही गोष्ट ते वर्षातून दोनदा तरी सांगत आणि दर वेळी शेवटी बाबांकडे बघत, कारण बाबांचा विश्वास अर्जावर होता.

बाबांची बाजूही सांगायला हवी. ते भित्रे नव्हते, आळशी तर मुळीच नव्हते. त्यांचं म्हणणं एवढंच, की आपण कर भरतो, मत देतो, मग राखण करणं हे सरकारचं काम आहे. प्रत्येकाने आपापला किल्ला बांधायचा तर राज्य कशाला हवं? गल्लीतला दिवा गेला की बाबा सदर बाजारात जाऊन अर्ज टाईप करून आणत. काका असते तर स्वतः शिडी लावून दिवा बदलला असता. दोघे भाऊ एकमेकांना 'तुम्ही' म्हणत आणि तासन्‌तास भांडत, आणि भांडण संपलं की एकाच सुपातले मटार सोलत बसत.

काकांच्या शेतामागून एक नाला बेतवेला जाऊन मिळे. नाल्याच्या दोन्ही बाजूंना पळसाचं आणि करवंदीचं जंगल होतं, आणि त्यात नीलगाई. लांबून फार देखण्या दिसतात. निळसर करडा नर मान वर करून उभा राहिला की घोड्यासारखा वाटतो. पण मटार फुलावर आला की एक कळप एका सकाळी शेत साफ करतो; खातो थोडं, तुडवतो फार. त्यांना मारायला कायद्याची बंदी होती आणि गावातही कोणी मारत नसे, नावात 'गाय' आहे म्हणून. गावकरी दरवर्षी पेरणीआधी बाभळीच्या काट्यांचं कुंपण घालत, डबे वाजवत, आळीपाळीने राखण करत. काकांनी मात्र आपल्या शेताभोवती खंदक खणला होता. खोलीपेक्षा रुंदी जास्त. खणलेली माती आतल्या बाजूला बांधासारखी रचलेली आणि तिच्यावर बोरी-करवंदी लावलेल्या, म्हणजे जनावराला उडी मारायची तर पलीकडे पाय कुठे पडणार ते दिसू नये. आणि बाहेरची बाजू त्यांनी उतरती ठेवली होती, कारण एखादं वासरू चुकून आत पडलंच तर चालत बाहेर निघावं. तिथली जमीन काळी, काबर म्हणतात तिला. वाळली की दगड होते. खंदकाची भिंत वर्षानुवर्षं ढासळत नसे.

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते त्या वर्षी दिल्लीहून रानटी जनावरांसाठी काम करणारी एक समिती आमच्या भागात आली. समितीच्या नंदिताजी माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या होत्या. खादीचा कुडता, केस आखूड, आणि चालण्याचा वेग असा की बरोबरच्या माणसाला धावावं लागे. त्या आमच्या कॉलेजात बोलायला आल्या आणि मी त्यांच्यामागे वेडी झाले. पळसाच्या जंगलाबद्दल इतक्या प्रेमाने बोलणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. नाल्याकाठचा सगळा पट्टा जनावरांसाठी मोकळा ठेवावा अशी समितीची मागणी होती. गावांनी काटेरी कुंपणं घालू नयेत, खंदक बुजवावेत, डबे आणि फटाके वाजवून जनावरांना घाबरवू नये. बदल्यात सरकारी खातं शेतांच्या कडेने तारेचं कुंपण घालणार आणि पहारेकरी नेमणार. काकांचं गाव त्या पट्ट्यात येत होतं, म्हणून मीच नंदिताजींना तिकडे घेऊन गेले. त्यांचं हिंदी मी इथे मराठीतच लिहिते.

काकांनी त्यांना खंदक दाखवला. त्या उतरत्या बाजूने आत उतरल्या, चढून बाहेर आल्या, हात झटकत म्हणाल्या, "तुमचा खंदक चांगला आहे, बापूसाहेब. पण पलीकडच्या गावात मी सरळ भिंतीचे खड्डे पाहिलेत. त्यात पाय मोडून पडलेली वासरं पाहिलीत. नियम करायचा तर सगळ्यांसाठी एकच करावा लागतो."

"म्हणजे वाईट खड्डा खणणाऱ्यासाठी चांगला खंदक बुजवायचा," काका म्हणाले.

"तुम्हाला तार मिळेल ना."

"तार आली की बुजवतो," काका म्हणाले. "चहा घेणार?"

त्यांनी चहा घेतला, गकरिया खाल्ल्या, माईकडून निमोना शिकून घेतला. त्यानंतर त्या काकांकडेच उतरू लागल्या. काकांशी वाद घालत, वाद घालता घालता त्यांच्याबरोबर बांधावरची बोरं वेचत. दोघांना एकमेकांची सोबत आवडत होती हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

पावसाळा सरल्यावर शाळेसमोरच्या कडुनिंबाखाली सभा भरली. खात्याचे एक साहेब जीपमधून आले होते. त्यांनी सांगितलं की दिवाळीपर्यंत तार लागेल. नंदिताजी त्यानंतर बोलल्या, आणि खरंच फार छान बोलल्या. जंगल म्हणजे गावाची मोठी बहीण, असं काहीतरी. बायका पदराने डोळे पुसत होत्या. समितीच्या मागण्या मान्य करण्याच्या ठरावाला सगळ्यांनी हात वर केले. बापूकाका खाटेच्या कडेला बसले होते, त्यांचे हात गुडघ्यांवरच राहिले.

काकांच्या शेजारचं शेत लखन भैयांचं. दोघांचा बांध एक, बैल एकमेकांचे ओळखीचे. लखन भैया हसत म्हणाले, "बापू साब, सरकार खुद आ रई, तुम काय अड़ रये?"

"आने दो," काका म्हणाले. "पर जब तक आए, तब तक राखी कौन करे?"

"दिवारी लौ तो बात है।" म्हणजे दिवाळीपर्यंतचीच तर गोष्ट.

"कुंपण घाल, लखन. तार लागली की काढून टाक, चुलीला काटक्या होतील."

पण कुंपण घालायचं म्हणजे बाभळी तोडायच्या, हात फाडून घ्यायचे, आठवडाभर राबायचं. जे काम सरकार करणार आहे ते कोण करतं? लखन भैयांनी घातलं नाही. कोणीच घातलं नाही.

घरी येताना मी काकांशी भांडले. "काका, तुम्हाला झाडं, जनावरं काहीच नकोत का? सगळं गाव एका बाजूला आणि तुम्ही एकटे."

"माझा जनावरांना विरोध नाही वसू, ठरावाला आहे," काका म्हणाले. ते चालत होते त्याच चालीने चालत राहिले. "नंदिताबाई भल्या आहेत. तो साहेबही वाईट नसेल. पण पीक गेलं तर त्यांचं काय जातं? त्यांचं पोट या मातीवर नाही. ज्याचं काही जात नाही त्याच्या हातात राखण द्यायची नाही. हे देशाला लागू आणि मटारलाही."

मला ते उत्तर तेव्हा मुळीच पटलं नाही. मटार आणि देश एका वाक्यात बसवणं मला हास्यास्पद वाटलं. पुढे मी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं. झाडं लावण्याच्या कितीतरी मोहिमांना विद्यार्थी घेऊन गेले, फोटो काढून घेतले. पुढच्या उन्हाळ्यात त्या रोपांना पाणी कोण घालणार, हा प्रश्न विचारला की सभेत एकदम शांतता पसरते. तशी शांतता पसरली की मला काकांची ती चाल आठवते.

दिवाळी झाली. रस्त्याच्या कडेला सिमेंटचे खांब येऊन पडले आणि पडूनच राहिले. मुलं त्यांच्यावरून उड्या मारू लागली. तार आली नाही. पहारेकरी एकदा सायकलवरून आला, चहा प्यायला, म्हणाला की त्याची हद्द नाल्यापलीकडेच संपते, अलीकडे येत नाही. नंदिताजी झाशीत आणि दिल्लीत खेटे घालत होत्या. बाबांनीही गावाच्या वतीने सदर बाजारातून एक अर्ज टाईप करून आणला आणि स्वतः जाऊन दिला. मटार मात्र कोणाची वाट पाहत नव्हता. पौष लागेपर्यंत सगळं शिवार पांढऱ्या फुलांनी आणि कोवळ्या शेंगांनी भरून गेलं.

त्या सकाळी नंदिताजी आमच्याकडेच मुक्कामाला होत्या. धुकं होतं. माईने नुकता चहा टाकला होता आणि बाहेरून लखन भैयांच्या बायकोची किंकाळी आली, "दौरियो रे, सब चर गए!" काका काठी घेऊन धावले, मी त्यांच्यामागे. बांधापाशी पोचलो तरी आधी काही दिसेना. नुसता आवाज येत होता, ओल्या वेली तटातट तुटण्याचा आणि खूप तोंडांनी सावकाश चावण्याचा. मग धुक्यातून पाठी दिसू लागल्या. एक, मग दुसरी, मग जिकडे पाहावं तिकडे. लखन भैया मधोमध उभे राहून हातवारे करत होते आणि जनावरं त्यांना वळसा घालून चरत होती. एवढ्यात माझ्यामागून भयंकर खणखणाट सुरू झाला. पाहते तर माई आणि नंदिताजी. माईच्या हातात पितळी परात आणि उलथणं, नंदिताजींच्या हातात आमचं पुरणाचं तांब्याचं पातेलं. जनावरांना आवाजाने घाबरवू नये म्हणणाऱ्या त्या बाई अनवाणी, ओरडत, पातेलं बडवत थेट कळपात शिरल्या. त्या दिवशी त्यांच्याएवढा आवाज कोणीच केला नाही. नराने मान वर केली, एकदा फुरफुरला, आणि सगळा कळप धाडधाड करत नाल्याकडे उतरला.

धुकं उठलं तसं दिसू लागलं. लखन भैयांचं शेत कोणीतरी वरून रूळ फिरवावा तसं झालं होतं. त्यांच्यापलीकडचं तसंच, त्याच्याही पलीकडचं तसंच. आमचा मटार खंदकाच्या आत जसाच्या तसा उभा होता, आणि खरं सांगते, त्याच्याकडे बघायची मला लाज वाटत होती. लोक जमले. कोणी रडत नव्हतं, तेच जास्त भीतीदायक होतं. लखन भैया घरात गेले आणि एक डबा आणि गुळाची भेली घेऊन आले. डबा कसला आहे हे विचारायची गरज नव्हती. पलीकडच्या जिल्ह्यात कुणीतरी तसं केल्याचं सगळ्यांनी ऐकलं होतं. गुळाचे खडे नाल्याच्या वाटेवर टाकले की पुन्हा कळप येणार नाही.

"लखन, ते खाली ठेव," काका म्हणाले. इथून पुढे त्या दोघांचं बोलणं बुंदेलीत झालं, आणि काका इतकं लांब कधी बोलत नसत.

"तुमचा मटार उभा आहे बापू साब," लखन भैया म्हणाले. "तुम्ही बोलू शकता."

"उभा आहे, कारण मी बांधावर काटा रोवला. विष नाही टाकलं. ती जनावरं आज चोरी करून गेली, उद्याही करतील. त्यांचा तो स्वभाव आहे. तुझा स्वभाव हा नाही. आणि त्या गुळाला वास येतो तो फक्त नीलगाईला येत नाही. तुझी भुरी गायही त्याच वाटेने पाण्यावर जाते."

"मग काय करू? बसू पुन्हा सरकारची वाट बघत?"

तेव्हा नंदिताजी पुढे आल्या. पातेलं अजून हातात होतं. त्यांनी जे म्हटलं ते मी त्यांच्याच शब्दांत लिहिते, कारण मला ते पाठ आहे. "लखनजी, मैंने आपसे कहा था तार आएगी। मैंने झूठ नहीं बोला था, पर बात झूठ निकली। गुस्सा हमसे कीजिए। उनको ज़हर मत दीजिए।"

 लखन भैया नंदिताजींच्या अनवाणी पायांकडे बघत होते. मटारच्या चिखलात त्या पायांना काटा लागून रक्त आलेलं होतं. मग लखन भैयांनी डबा जमिनीवर ठेवला. माई पुढे झाली, तो उचलला, पदराआड धरला आणि घराकडे चालू लागली. त्या डब्याचं तिने काय केलं ते मी कधी विचारलं नाही. तिने तो नीट पुरला असणार.

"उद्या सकाळी ज्याला यायचंय त्याने फावडं घेऊन या," काका म्हणाले. "मटार पुन्हा फुटेल, निम्मा तरी. मागून गहू आहे, हरभरा आहे. सगळ्या शिवाराला मिळून एकच खंदक घालू. ज्याच्या शेतासमोरचा भाग तो त्याने खणायचा, आणि ज्याच्या घरात खणणारं कोणी नाही त्याचा मी."

दुसऱ्या दिवशी सगळे आले. काका चुन्याची पिशवी घेऊन पुढे चालले, मागे पांढरी रेघ उमटत गेली. त्यांची आज्ञा देण्याची तऱ्हा फौजी होती, पण आवाज चढवत नसत. माती आत टाका, उतार बाहेर ठेवा, भिंत थापटा. वरची जमीन दवाने मऊ होती, खाली दगड. बायका टोपल्या वाहत होत्या. मी वाहिल्या, नंदिताजींनी वाहिल्या. माझ्या हातांना फोड आले आणि दर थोड्या वेळाने माई सगळ्यांना गूळपाणी आणि उकडलेले मटार देत फिरली. आमचं शेत तर आधीच सुरक्षित होतं. काका तरी सगळ्यांत जास्त वेळ खणत होते, आणि मी आयुष्यात त्यांना इतकं आनंदी कधी पाहिलं नव्हतं.

नाल्याजवळ काम आलं तेव्हा नंदिताजींनी त्यांना थांबवलं. "बापूसाहेब, इथे नका खणू. ही त्यांची पाण्यावर जायची जुनी वाट आहे. मी महिनाभर पाहिलीय. ही बंद केलीत तर ती कुठूनतरी फोडून येतील. ही मोकळी ठेवा, दोन्ही बाजूंनी खंदक नाल्यापर्यंत न्या, म्हणजे ती शेतात न शिरता सरळ खाली उतरतील."

लखन भैयांना ते अजिबात आवडलं नाही. त्यांच्याच शेताच्या कडेने ती वाट जात होती. काका मात्र चुन्याची पिशवी हातात धरून त्या पायवाटेकडे वळले. "बाई बरोबर बोलतेय लखन," ते म्हणाले. "आम्हाला फौजेत शिकवलंय. समोरच्याला परतायची वाट ठेवावी. नाही ठेवली तर तो जिवावर उदार होऊन अंगावर येतो." आणि त्यांनी रेघ वळवली. काकांनी दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून आखलेली रेघ वळवल्याचं माईलासुद्धा आठवत नव्हतं.

खंदक पुरा झाल्यानंतरच्या सकाळी आम्ही सगळे बांधावर जाऊन उभे राहिलो. थोडं हसू येत होतं, थोडी धाकधूक होती. कळप आला. काठावर थांबला. मोठ्या नराने मान खाली घालून खंदक हुंगला, पलीकडच्या बोरीकडे पाहिलं, काठाने काही अंतर चालला, पुन्हा थांबला.  मग त्याला वाट सापडली. तो शेपटी हलवत त्या वाटेने खाली उतरला आणि त्याच्यामागे एकेक करून सगळ्या. लखन भैयांनी तोंडावर हात ठेवला होता. मग त्यांनी फक्त "हओ" म्हटलं, बुंदेलीत 'हो' म्हणतात तसं, स्वतःशीच.

नंदिताजींनी समितीला जे घडलं ते जसंच्या तसं कळवलं, आणि त्यावरून तिथे त्यांचं बरंच बिनसलं असं नंतर समजलं. त्या गेल्या, पण त्यांचं काम त्यांनी सोडलं नाही. पुढे कुठे कुठे गावांबरोबर खंदक आणि वाटा आखत फिरल्या. मला कार्ड पाठवत, आणि काकांना दरवर्षी बोरांची आठवण करून देत.

त्याच थंडीत, माघ सरता सरता एका रविवारी बाबा झाशीहून स्कूटरवर आले. अंगणात शिरतानाच त्यांचा चेहरा उजळलेला होता. मटार पुन्हा फुटला होता, लखन भैयांनी आपल्या शेतातली पहिली टोपली आमच्याकडे आणून ठेवली होती आणि आम्ही सगळे, लखन भैया धरून, ओसरीवर शेंगा सोलत बसलो होतो. बाबांनी हेल्मेट काढलं, चष्मा पुसला.

"बापू, अर्ज मंजूर झाला," ते म्हणाले. "साहेबांनी स्वतः सांगितलं. पुढच्या वर्षी तार नक्की येणार."

काकांनी मान वर केली नाही. त्यांच्या मिशीत काहीतरी हललं. लखन भैयांना मराठी येत नव्हतं, पण 'मंजूर' आणि 'तार' हे दोन शब्द त्यांना पुरले. ते काकांकडे पाहू लागले, काका माईकडे.

माईने सुपातल्या शेंगा एका बाजूला केल्या आणि बाबांना बसायला जागा करून दिली.

"येऊ देत हो भावोजी," ती म्हणाली. "धुणं वाळत घालायला होईल."